अतिसूक्ष्मकणी धातूंचा झीजरोध

ज्या धातूंच्या स्फटिककणांचा, म्हणजे धातू ज्या लहान स्फटिकांनी बनलेला असतो त्यांचा, सरासरी व्यास एक मायक्रोमीटरहून कमी असतो, त्यांना अतिसूक्ष्मकणी धातू म्हणतात. शंभर नॅनोमीटरच्या खाली गेल्यास त्यांची गणना नॅनोस्फटिकी धातूंत होते. कण इतके बारीक करण्यासाठी धातूचा ठोकळा किंवा चकती बाह्य मापात फारशी न बदलता तिच्यात प्रचंड विकृती (ताणल्या-दाबल्याने होणारा आकारबदल) घडवून आणण्याच्या प्रक्रियांना तीव्र आकार्य विरूपण ही संज्ञा आहे. अशा धातूंचे बळ वाढते हे निर्विवाद आहे; त्यांची झीज कमी होते की नाही, याचे उत्तर मात्र धातूगणिक बदलते.

या प्रक्रियांच्या उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो प्राचीन चीनमधील वारंवार घड्या घालून ठोकलेल्या पोलादापर्यंत, तसेच दख्खनमधून पश्चिम आशियात गेलेल्या वूट्झ पोलादाच्या तलवारींपर्यंत मागे नेतात. परंतु ते पोलाद तापवून घडवले जाई, आणि त्या तापमानाला विकृत कण विरून नवे कण वाढू शकतात. शिवाय वूट्झच्या पात्यावरील लाटा कार्बाइडाच्या (लोह व कार्बनच्या कठीण संयुगाच्या) पट्ट्यांमुळे उमटतात. म्हणून ही परंपरा कितीही अभिमानास्पद असली, तरी आधुनिक पद्धतींचा आरंभ अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ पर्सी ब्रिजमन यांनी हार्व्हर्ड येथे केलेल्या प्रयोगांपासून धरणे अधिक ग्राह्य वाटते. पातळ चकतीवर प्रचंड दाब ठेवून तिला पीळ देण्याची त्यांची पद्धत 1935 मध्ये प्रसिद्ध झाली. कण बारीक करणे हा मात्र त्यांचा हेतू नव्हता. काटकोनात वळणाऱ्या वाहिनीतून कांडी दाबून काढण्याची पद्धत व्लादिमीर सेगल यांनी तत्कालीन सोव्हिएत संघातील मिन्स्क येथे साधारणतः 1970 च्या दशकाच्या प्रारंभी विकसित केली. या दोन्ही पद्धतींचा अतिसूक्ष्म कणांशी जाणीवपूर्वक सांधा जोडण्याचे श्रेय सामान्यतः रुस्लान वालिएव व त्यांच्या रशियातील उफा येथील सहकाऱ्यांना, 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धातील कामाबद्दल, दिले जाते.

काटकोनी वाहिनीत कांडी प्रत्येक फेरीत सुमारे 1 एवढी समतुल्य विकृती सोसते आणि तिचा छेद तसाच राहत असल्याने ती पुन्हा पुन्हा घालता येते. दर फेरीनंतर ती एकाच दिशेने 90 अंशांनी फिरवली, तर समाक्ष, म्हणजे सर्व दिशांना सारख्याच मापाचे, कण मिळण्यास मदत होते. पीळ देण्याच्या पद्धतीत विकृती त्रिज्येच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तत्त्वतः केंद्राशी ती शून्यच असते. त्यामुळे थोड्याच फेऱ्या दिलेली चकती मध्यभागी मऊ व कडेला कठीण आढळते, आणि झीजचाचणीतील घासपट्टा चकतीवर नेमका कोठे पडला यावर निष्कर्ष अवलंबून राहतो.

झीजरोधाची अपेक्षा दोन सूत्रांच्या जोडणीतून आली. हॉल (1951) आणि पेच (1953) यांच्या संबंधानुसार कणांमुळे लाभणारे बळ कणव्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. 40 मायक्रोमीटरचे कण 0.4 मायक्रोमीटरवर आणले, तर बळातील तो वाटा दहापट होतो. आर्चर्ड यांच्या 1953 च्या सूत्रानुसार झिजलेले घनफळ भार व घासलेले अंतर यांच्या सम आणि कठिनतेच्या व्यस्त प्रमाणात असते. तेव्हा कण बारीक केले की कठिनता वाढेल आणि झीज घटेल, असे अनुमान निघते. पण या सूत्रातील झीजगुणांक (झिजेचे प्रमाण ठरवणारा गुणक) अचल नाही, आणि सारी गफलत तेथेच होते.

ख्रुश्चोव व बाबिचेव यांनी 1950 च्या दशकातच दाखवले होते की अनुशीतित (तापवून सावकाश थंड केलेल्या) शुद्ध धातूंचा अपघर्षणरोध, म्हणजे खरखरीत कणांच्या घासण्याला होणारा विरोध, कठिनतेच्या प्रमाणात वाढतो, मात्र थंड अवस्थेत ठोकून आणलेली जादा कठिनता त्यात जवळपास काहीच भर घालत नाही. पुण्याच्या तांबट आळीत हंड्याचे मठारकाम चालू असताना ठोक्यागणिक तांबे ताठ होत जाते. पण वाळूसारखा बाहेरचा खरखरीत कण त्यावर घासला, की तो आपल्या वाटेतला धातू स्वतःच तितका किंवा त्याहून अधिक कठीण करतो. आधी दिलेले ठोके मग हिशेबात उरत नाहीत. तीव्र विरूपण ही त्याच वाटेवरची फार पुढची मजल आहे, आणि कण बारीक करण्याच्या नादात हा जुना निष्कर्ष पुरेसा लक्षात घेतला गेला नाही, असे म्हणणे भाग आहे. तीव्र विरूपणाने शुद्ध तांब्याची व्हिकर्स कठिनता (हिऱ्याचे टोक दाबून मोजलेली) सुमारे 50 वरून 130 च्या आसपास जाते, परंतु विकृतीने आणखी कठीण होण्याची त्याची क्षमता जवळजवळ संपते. व्यापारी शुद्धतेच्या 1050 ॲल्युमिनियमवरील कोरड्या घर्षणाच्या चाचण्यांत प्रक्रिया केलेल्या नमुन्यांचे वस्तुमान मूळ नमुन्यांपेक्षा अधिक घटले, त्याचे कारण याच क्षमतेच्या आणि तन्यतेच्या अभावात शोधले जाते. घर्षणाच्या उष्णतेने पृष्ठभागाजवळचे कण पुन्हा वाढतात, ही त्यात आणखी एक अडचण.

मिश्रधातूंचे चित्र अधिक आशादायक आहे. ॲल्युमिनियम-ब्राँझमध्ये (तांबे व ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत) वाहिनीतून दाबल्यावर घर्षण व झीज दोन्ही घटल्याचे आढळले आहे. ॲल्युमिनियम–सिलिकॉन मिश्रधातूंत सिलिकॉनचे भरड तुकडे फुटून विखुरतात, तरी त्यांचे निष्कर्ष मिश्र आहेत. भार, वेग आणि समोरचा घासणारा पदार्थ वेगळा असल्याने निरनिराळ्या चाचण्यांची थेट तुलना करता येत नाही.

टायटेनियमच्या बाबतीत उपाय वेगळ्या दिशेने सापडला. दंतरोपणासाठी वापरल्या जाणाऱ्या अतिसूक्ष्मकणी शुद्ध टायटेनियमचे बळ उत्तम असले, तरी उघड्या पृष्ठभागाची झीज त्यामानाने कमी होत नाही. त्यावर टायटेनियम नायट्राइड या कठीण संयुगाचा पातळ लेप चढवल्यास मात्र खालचा कठीण धातू लेपाला भक्कम आधार देतो, आणि मऊ धातूवर जसा लेप खचून तडकतो तसा तो लवकर तडकत नाही. लेप चढवताना तापमान आटोक्यात ठेवावे लागते, अन्यथा त्याखालचे कण वाढून आधारच मऊ पडतो.