खोबरेल तेल आणि एमसीटी तेल: आतड्याच्या पेशीसाठी दोन्ही एक नाहीत

एमसीटी (मध्यम साखळीचे ट्रायग्लिसराइड, म्हणजे एक प्रकारची चरबी) तेल म्हणजे शुद्ध केलेलं खोबरेल तेल, असा समज आता पक्का रुजलाय. एमसीटी बहुधा खोबरेल किंवा पामच्या गराच्या तेलातूनच वेगळं काढतात, त्यामुळे गोंधळ साहजिक आहे. पण लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमध्ये या दोघांच्या वाटा बऱ्याच वेगळ्या होतात.

आधी नेहमीची चरबी घेऊ. तिच्यातली बहुतेक मेदाम्लं (चरबीचे घटक) 16 ते 18 कार्बनची, म्हणजे लांब साखळीची. स्वादुपिंडातला लायपेज चरबी तोडतो, पित्तक्षार ते तुकडे पाण्यात मिसळण्याजोगे करतात आणि ते पेशीत शिरतात. खरं कष्टाचं काम इथून पुढे. पेशी तुकडे जोडून पुन्हा ट्रायग्लिसराइड बनवते, अ‍ॅपो-बी-48 या प्रथिनाच्या मदतीने त्याचे कायलोमायक्रॉन नावाचे कण बांधते आणि लसीका (लिम्फ) हा द्रव वाहून नेणाऱ्या लसीकावाहिनीत सोडते. तिथून ते यकृताला वळसा घालून रक्तात उतरतात. जेमतेम 3 ते 5 दिवस जगणारी पेशी प्रत्येक जेवणानंतर एवढा खटाटोप करते, याचं मला फार अप्रूप वाटतं. अबीटालायपोप्रोटिनेमिया या जन्मजात विकारात हे कणच बांधता येत नाहीत आणि चरबी पेशीतच थेंबाथेंबाने साचत जाते.

एमसीटी तेलात मुख्यतः 8 आणि 10 कार्बनची मेदाम्लं असतात. त्यांची ही फेरबांधणी बहुतांशी टळते. पेशीतून पार होऊन ती रक्ताबरोबर थेट यकृतात जातात. म्हणूनच छातीत लसीका गळत असेल किंवा आतड्याच्या लसीकावाहिन्या फुगून फुटत असतील, तर डॉक्टर आहारात एमसीटी सुचवतात.

मग खोबरेल? त्यातला जवळपास अर्धा वाटा 12 कार्बनच्या लॉरिक आम्लाचा. रसायनशास्त्रात ते मध्यम साखळीत मोजतात, पण आतड्यात त्याचा मोठा भाग कायलोमायक्रॉनमधूनच जातो. भूक शमल्याचा संदेश देणारं सीसीके हे संप्रेरकही 12 कार्बनच्या आम्लामुळे स्रवतं, 10 च्या आम्लामुळे जवळजवळ नाही. 8 आणि 10 कार्बनवाली आम्लं खोबरेलात मिळून 15 टक्क्यांच्या आसपासच.

त्यामुळे लसीकेच्या आजारासाठी एमसीटी लिहून दिलं असेल, तर त्याऐवजी खोबरेल घेऊ नका. ज्या वाहिन्यांना विश्रांती द्यायची, त्यांच्यावरच भार पडेल. आणि एमसीटीत लिनोलेइक आम्लासारखी अत्यावश्यक मेदाम्लं नसतात, म्हणून फार काळ फक्त त्यावर राहायचं असेल तर ती वेगळी कशी द्यायची, हे आहारतज्ज्ञांशी ठरवून घ्यावं लागतं.