सात बेटांच्या पोटातून

माझगाव आणि मुंबई ही दोन वेगळी बेटे होती, तेव्हा त्यांच्यामधली उमरखाडी ओहोटीच्या वेळी पायी ओलांडता येत असे, आणि पलीकडे पोहोचल्यावर चिखलाने माखलेले पाय जिथे धुतले जात ती जागा म्हणजे पायधुनी, असे या नावाचे स्पष्टीकरण दिले जाते. पुढे खाडी बुजवली गेली आणि तिच्यावर पेठा व चाळी उभ्या राहिल्या. आणिक आगार ते गेटवे ऑफ इंडिया या प्रस्तावित ‘मेट्रो ११’ मार्गिकेला भेंडीबाजाराकडून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाताना याच बुजलेल्या खाडीच्या परिसरातून जमिनीखालून वाट काढायची आहे. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिलेली ही मार्गिका सुमारे साडेसतरा किलोमीटर लांबीची असून तिच्या १४ स्थानकांपैकी १३ भूमिगत आहेत. तिच्या खर्चाची आणि वेळेची चर्चा पुष्कळ होते. तिच्या वाटेत नेमकी कोणती जमीन आहे याची चर्चा मात्र व्हावी तितकी होत नाही, आणि माझ्या मते या प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

मुंबईच्या पायाशी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा खडक आहे. तो सगळा एकजिनसी काळा पत्थर मात्र नाही. बेसॉल्टच्या थरांमध्ये ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेले ठिसूळ खडक सापडतात, आणि दोन लाव्हांच्या मधल्या निवांत काळात तळ्यांत साचलेल्या गाळाचे पातळ पापुद्रेही सापडतात. वरळीला याच गाळाच्या खडकात बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत. शिवाय हे थर पश्चिमेकडे कललेले असल्याने एका ठिकाणी वीस मीटरवर लागलेला कातळ थोड्या अंतरावर त्याच खोलीला लागेलच असे नाही. या सगळ्यावर सागरी चिकणमाती आणि तिच्यावर माणसाने टाकलेला भराव आहे. गेटवे ऑफ इंडिया ज्या जमिनीवर उभा आहे तीही समुद्र हटवूनच मिळवलेली आहे.

भुयार खोदणाऱ्या यंत्राला कठीण खडकाची फारशी भीती नसते. त्याच्या गोल तोंडावर बसवलेल्या पोलादी चकत्या प्रचंड दाबाने खडकावर फिरतात आणि त्याच्या कपच्या उडवतात. मऊ जमिनीत खोदलेली माती यंत्राच्या तोंडामागील कप्प्यात दाबाखाली ठेवतात, जेणेकरून समोरची माती आणि पाणी आत कोसळू नये. खरी कसोटी लागते ती तोंडाचा खालचा अर्धा भाग कातळात आणि वरचा अर्धा चिखलात असताना. तेव्हा खाली यंत्र इंचाइंचाने पुढे सरकते आणि वरची माती मात्र गरजेपेक्षा अधिक आत येऊ पाहते. दाब जरा चुकला, तर वरचा रस्ता खचतो. बुजलेल्या खाड्यांच्या काठावर नेमकी अशीच जमीन भेटण्याची शक्यता असते.

कोकणाला हा धडा नवा नाही. रत्नागिरीजवळचे करबुड्याचे साडेसहा किलोमीटरचे भुयार कोकण रेल्वेवरील सर्वांत लांब, परंतु या मार्गाच्या बांधणीत अभियंत्यांना सर्वाधिक छळले ते मऊ, पाण्याने भरलेल्या मातीतील तुलनेने आखूड भुयारांनी. त्यांपैकीच पेडण्याच्या भुयारात जुलै २०२४ मध्ये पाणी शिरले आणि वाहतूक थांबवावी लागली. मार्ग सुरू होऊन पाव शतक उलटले, तरी तेथील भूजल आपली वाट शोधतच होते.

मुंबईत तर हे भूजल भरतीच्या समुद्राशेजारी आहे. पाण्याखाली दर दहा मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे भूजलपातळीच्या वीस मीटर खाली भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे वीस टन भार येतो. शिवाय स्थानक ही आतून पोकळ पेटी असल्याने पाणी तिला वर उचलू पाहते. दोनशे मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि पंधरा मीटर पाण्यात बुडालेली पेटी साठ हजार घनमीटर पाणी बाजूला सारते. म्हणून तिच्यावर सुमारे साठ हजार टनांचे उत्प्लावक बल येते. जाड तळफरशी, वरचा भराव आणि गरज पडल्यास खडकात रोवलेले नांगर यांच्या जोरावर तिला खाली धरून ठेवावे लागते. पाण्यातील क्षार काँक्रीटमध्ये झिरपून आतील सळ्या गंजवतात, म्हणून मिश्रणात कोळशाची राख किंवा लोखंडाच्या भट्टीतील मळी (स्लॅग) घालून त्याची छिद्रे सूक्ष्म करतात.

पाणी वरूनही येते. २६ मे २०२५ रोजी मुसळधार पावसात ‘मेट्रो ३’च्या आचार्य अत्रे चौक स्थानकात बांधकाम सुरू असलेल्या प्रवेशमार्गातून पाणी शिरले, कारण ते अडवणारी भिंत कोसळली. उधाणाच्या भरतीला शहरातील पाण्याचा निचरा मंदावतो आणि त्याच वेळी मोठा पाऊस झाला, की सखल भाग तुंबतात. त्यामुळे ‘मेट्रो ११’च्या वाटेवरील नागपाड्यासारख्या सखल भागात स्थानकाच्या जिन्याच्या पहिल्या पायरीची उंची ही शोभेची नव्हे, सुरक्षिततेची बाब आहे, आणि ती काम चालू असतानाच्या तात्पुरत्या बांधकामालाही तितकीच लागू आहे.

भेंडीबाजार आणि नागपाडा भागात अनेक जुन्या इमारती आहेत. भुयारातून भूजल उपसले गेले, तर वरची चिकणमाती आकसते आणि इमारत असमान खचते. सगळी इमारत सारखी खचण्यापेक्षा हे असमान खचणेच भिंतींना तडे पाडते. म्हणून खोदकामापूर्वी प्रत्येक इमारतीच्या तड्यांची नोंद व्हायला हवी आणि खोदकाम चालू असताना भिंतींवरील आरशांच्या साहाय्याने मिलिमीटरची हालचालही मोजली जायला हवी. ही मोजमापे तिथल्या रहिवाशांनाही त्यांच्या भाषेत, वेळच्या वेळी कळली पाहिजेत.

मेट्रोच्या आखणीसाठी जमिनीला छिद्रे पाडून खडकाचे लांब, गोल नमुने काढतात आणि खोलीचे आकडे घालून ते खोक्यांत ओळीने मांडून ठेवतात. चिखल कुठे संपला, शंख-शिंपले कोणत्या खोलीवर सापडले आणि पहिला कातळ कुठे लागला, हे सगळे त्या खोक्यांत दिसते. काम संपल्यावर हे नमुने टाकून न देता महाविद्यालयांतील भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी जपून ठेवावेत आणि त्यांच्या नोंदी सर्वांना खुल्या कराव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. उमरखाडी नेमकी किती खोल होती, हे त्यांतून प्रत्यक्ष मोजून सांगता येईल.