पानाखालचा तीन आकडी क्रमांक कापू नका

"भाऊ, साईट चालून नाही राहिली." आठवड्यातून दोन-तीनदा तरी आम्हाला हा फोन येतो. सोबत व्हॉट्सॲपवर फोटो असतो. त्यात "क्षमस्व, काम पूर्ण झालं नाही" ही ओळ तेवढी दिसते; वरचा पत्ता आणि तळाचा क्रमांक कापलेला. आम्हाला नेमकी त्या दोन गोष्टींचीच गरज असते.

तुमची साईट आणि बिलिंग आम्ही जँगो या फ्रेमवर्कवर, म्हणजे साईट बांधायच्या तयार सांगाड्यावर, बांधतो. अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत ते तयार झालं आणि २००५ पासून सर्वांसाठी खुलं आहे. तुम्ही बटण दाबलं की विनंती सर्व्हरकडे जाते आणि जँगो तिचं एकच उत्तर बांधून पाठवतो. ट्रान्सपोर्टच्या मालासारखं समजा. स्टेटस क्रमांक, म्हणजे पानाच्या तळाचा तो तीन आकडी क्रमांक, ही पोच, हेडर म्हणजे बिल्टी आणि दिसणारं पान म्हणजे पेटीतला माल. बिलाची पीडीएफ पडद्यावर उघडावी की थेट डाउनलोड व्हावी, हेसुद्धा हेडरमधली एक ओळ ठरवते. ते बदलून हवं असेल तर सांगा, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

आता क्रमांकाचं. मागच्या आंबिया बहारात कळमना मार्केटमधल्या एका अडत्यांकडून संध्याकाळी फोन आला की बिल सेव्ह होत नाही. संत्र्याची गाडी भरून उभी, बिलाशिवाय निघेना. फोटोत क्रमांक नव्हता. आम्ही ५००, म्हणजे आमच्याच कोडची चूक, धरून शोधायला बसलो, डेटाबेस तपासला, दीड तास गेला. शेवटी मुनीमजींनी अख्ख्या स्क्रीनचा फोटो पाठवला. तळाला ४०३ होता. त्यांनी बिलाचा फॉर्म एका टॅबमध्ये उघडा ठेवून दुसऱ्या टॅबमध्ये नव्याने लॉगिन केलं होतं. लॉगिन झालं की जँगो सुरक्षेचं टोकन, म्हणजे फॉर्मसोबत जाणारी गुप्त खूण, बदलतो. जुन्या फॉर्ममध्ये जुनंच टोकन राहतं, म्हणून तो नाकारला जातो. पान पुन्हा उघडलं आणि बिल अर्ध्या मिनिटात निघालं.

५०० म्हणजे चूक आमच्या कोडमध्ये. तो आला की सर्व्हर आम्हाला आपोआप मेल करतो आणि आम्ही लगेच कामाला लागतो. अर्धवट बिल मागे राहत नाही, कारण एका विनंतीतल्या सगळ्या नोंदी आम्ही एकत्र बांधलेल्या असतात. ४०३ चा मात्र मेल येत नाही, तो तुम्ही सांगाल तेव्हाच कळतो. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर पान नाही. बहुतेकदा व्हॉट्सॲपवर फिरणारी जुनी लिंक निघते.

५०२ किंवा ५०४ आला तर लगेच पुन्हा सेव्ह दाबू नका. हे क्रमांक जँगोच्या पुढ्यात बसलेला सर्व्हर देतो: ५०२ म्हणजे मागून धड उत्तर आलं नाही, ५०४ म्हणजे वेळेत आलं नाही. बिल कदाचित बनलेलंही असेल. आधी बिलांची यादी बघा, मग फोन करा.

"चूक काय झाली ते पानावरच का नाही लिहीत?" हेही बरेच जण विचारतात. जँगोत ती सोय आहे, पण ती फक्त आमच्या ऑफिसातल्या मशीनवर चालू असते. तुमच्या साईटवर ती चालू ठेवली तर फाइलींची नावं आणि सेटिंग कुणालाही वाचता येतील. काही जण म्हणतात, चूक झाल्याचं पान दाखवूच नका, सरळ होमपेजवर न्या. तेही आम्ही करत नाही. ग्राहकाला वाटेल की ऑर्डर लागली, आणि नसलेलं पान आहे असं आपणच गूगलला सांगत राहू. काम झालं नसेल तर उत्तरात तसंच लिहिलेलं असावं, यावर आम्ही ठाम आहोत.

तेव्हा अख्ख्या स्क्रीनचा फोटो, वेळ आणि कुठलं बटण दाबलं ते एवढं पाठवा. नवीन मुनीम किंवा ऑपरेटर ठेवला असेल तर त्यांना अर्धा तास आमच्याकडे पाठवा, प्रत्येक क्रमांक मुद्दाम आणून स्क्रीनवर दाखवतो. वार्षिक देखभालीच्या करारात ते धरलेलंच आहे. करार नसेल तरी पहिल्या वेळी या.