चार वाहिन्यांची इम्युनोअ‍ॅसे चिप : वापरण्यापूर्वी एवढे वाचा

इम्युनोअ‍ॅसे म्हणजे प्रतिपिंडांच्या (ठरावीक रेणूला पकडणारी प्रथिने) मदतीने नमुन्यातले प्रतिजन (तो रेणू) शोधण्याची चाचणी. काचेवर पीडीएमएस (सिलिकॉन रबर) चिकटवून बनवलेल्या या चिपमधली प्रत्येक वाहिनी २० मिलिमीटर लांब, १०० मायक्रॉन रुंद आणि ५० मायक्रॉन खोल आहे. आत मावतो जेमतेम ०.१ मायक्रोलिटर द्रव. वेळ वाचतो तो या उथळपणामुळे. प्रतिपिंडाचा रेणू ५० मायक्रॉन अंतर साधारण अर्ध्या मिनिटात कापतो. मायक्रोप्लेटमधल्या (नेहमीच्या चाचणीची खळग्यांची ताटली) ३ मिलिमीटर खोल, न हलवलेल्या द्रवात तळ गाठायला त्याला दिवसाहून जास्त लागेल.

नमुना सतत वाहता ठेवला, तर मात्र हा फायदा हातचा जातो. मिनिटाला २ मायक्रोलिटर वेगाने द्रव ३ सेकंदांत वाहिनीबाहेर पडतो आणि बरेचसे प्रतिजन भिंतीवरच्या प्रतिपिंडाला न लागताच वाया जाते. म्हणून १ मायक्रोलिटर ओढा, एक मिनिट थांबा. असे १० वेळा.

सिरिंज पंप बाहेर जाणाऱ्या तोंडालाच जोडा. आतल्या तोंडाला जोडला, तर ०.५ मिलिमीटर पोकळीच्या १० सेंटिमीटर नळीत २० मायक्रोलिटर अडकतात, म्हणजे वाहिनीच्या २०० पट! नमुना आतल्या तोंडावर थेंब म्हणून ठेवा आणि थेंब पूर्ण संपू देऊ नका.

कोरडी वाहिनी आधी ७० टक्के इथेनॉलने ओली करून पीबीएसने (फॉस्फेटयुक्त क्षारद्रावण) धुवा. प्रतिपिंड चढवल्यावर इथेनॉल अजिबात नको, त्याने प्रथिन बिघडते. पकडणारे प्रतिपिंड (मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम) ४५ मिनिटे, १ टक्का बीएसए (मोकळी जागा झाकणारे, गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रथिन) ३० मिनिटे, मग नमुना, शेवटी अडकलेले प्रतिजन चमकवून दाखवणारे फ्लुरोसंट प्रतिपिंड. प्रत्येक टप्प्यानंतर ०.०५ टक्के ट्वीन-२० (साबणासारखे सौम्य द्रव्य) घातलेले १० मायक्रोलिटर पीबीएस ओढा. थांबण्याच्या वेळी चिप ओलसर डबीत झाकून ठेवा. बीएसए टाळले, तर पीडीएमएसला नको ती प्रथिनेही चिकटतात आणि प्रतिजन नसलेली वाहिनीसुद्धा उजळते.

सर्वाधिक चाचण्या फसतात बुडबुड्यांनी. फ्रिजमधले गार पीबीएस वाहिनीत तापले की त्यात विरघळलेली हवा सुटते. ते तासभर बाहेर ठेवा, मग १५ मिनिटे व्हॅक्यूममध्ये. प्रतिपिंडातल्या गुठळ्या वाहिनी तुंबवतात. वापरण्याआधी त्याचे द्रावण सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी वर (गुरुत्वाच्या १०,००० पट जोराने) ५ मिनिटे फिरवा आणि वरचा द्रवच घ्या.

एक वाहिनी प्रतिजनाविना, दुसरी ठाऊक प्रमाणाच्या द्रावणाने चालवा. उरलेल्या दोनांत तोच नमुना जसाच्या तसा आणि १० पट पातळ करून घाला. नमुना व फ्लुरोसंट प्रतिपिंड एकत्र मिसळून सोडत असाल, तर हे टाळू नकाच: प्रतिजन फार झाले की दोन्ही प्रतिपिंडे वेगवेगळ्या रेणूंवर अडकतात आणि चमक उलट घटते. पातळ नमुना जास्त उजळला, तर जसाच्या तसा घातलेल्या नमुन्याचा आकडा रद्द समजा.