पोकरमधला बॅलन्स आणि एक्सप्लॉइट

समोरच्याकडे नेमकी कुठली दोन पानं आहेत हे पोकरमध्ये कळत नाही, त्यामुळे तो जसा खेळत आलाय त्यावरून त्याच्याकडे कायकाय असू शकतं याचा अख्खा गठ्ठाच धरून चालावं लागतं, त्याला रेंज म्हणतात. होल्डेममध्ये (पोकरचा सगळ्यात चालणारा प्रकार, प्रत्येकाला दोन झाकली पानं) दोन पानांच्या एकूण १,३२६ जोड्या होतात, त्यातल्या काही काही प्रत्येक बेटला, म्हणजे पैसे लावले की, गळत जातात. तो आपल्याबद्दल हाच हिशोब करत असतो, म्हणून मग आपली रेंज बॅलन्स ठेवायचा प्रश्न येतो.

बॅलन्स म्हणजे तगडे हात (हात म्हणजे हातातली पानं) आणि ब्लफ, म्हणजे रद्दी पानांवरच्या बेट, अशा प्रमाणात मिसळायचे की मधल्या हाताने, म्हणजे ब्लफला हरवेल पण तगड्याला नाही अशा हाताने, त्याने कॉल केला (तेवढेच पैसे टाकून पानं बघितली) काय नि फोल्ड केलं (पानं टाकली) काय, त्याला सारखंच. समजा रिव्हरला, म्हणजे शेवटचं पान उघडल्यावर, पॉट (मधे जमलेले पैसे) १,००० चा आहे आणि आपण १,००० लावले. त्याला १,००० टाकून २,००० मिळायची शक्यता आहे, म्हणजे तीनदा कॉल करून एकदा जिंकला तरी बरोबरी, म्हणून इथे दोन खऱ्या हातांमागे एक ब्लफ. बेट ५०० चीच असेल तर तीन खऱ्यांमागे एक.

आता गंमत अशी की याच बॅलन्समुळे त्याची चूकसुद्धा फुकट जाते. तो त्या मधल्या हातांनी ऊठसूट कॉल करत असला तरी वरच्या २:१ पुढे त्याचं काही जात नाही, दगड-कागद-कात्रीत तिन्ही सारखे टाकणाऱ्यासमोर कायम दगड टाकणारा हरत नाही तसंच. त्याच्या सवयीचे पैसे करायचे तर आपल्यालाच वाकडं व्हावं लागतं, ते एक्सप्लॉइट. कॉल सोडत नाही त्याच्यासमोर ब्लफ बंद. आणि पॉटएवढ्या बेटला जो शंभरातून साठदा फोल्ड करतो त्याच्यासमोर रद्दी पानांनीही लावा, दर ब्लफमागे सरासरी २०० सुटतात (०.६ × १,००० वजा ०.४ × १,०००). गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती खेळलेल्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही, कुठले काका पॅकच करत नाहीत नि कोण चाल वाढली की लगेच पॅक करतं हे पहिल्या रात्रीच कळतं.

पण वाकलं की आपल्यालाही भोक पडतं. ब्लफ बंद केलेत हे त्याला कळलं की तो फोल्ड करायला लागतो आणि आपल्या चांगल्या हातांना गिऱ्हाईक उरत नाही. शिवाय पाच-दहा हातांवरून सवय ठरवणं म्हणजे निव्वळ अंदाज.

बॅलन्सच्या बाजूचं सगळ्यात मोठं उदाहरण लिब्रेटस. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या टुओमास सँडहोम आणि नोअम ब्राऊन यांचा हा प्रोग्रॅम जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत चार प्रोफेशनल खेळाडूंशी एकास एक असे एकूण १,२०,००० हात खेळला आणि १७ लाख डॉलरच्या वर चिप्सनी जिंकला. तो समोरच्यांची भोकं शोधतच नव्हता, उलट खेळाडू दिवसा त्याची जी भोकं हुडकायचे ती रात्री बुजवत बसायचा. पण त्याच्यापुढे तालेवार लोक होते. छोट्या स्टेकच्या टेबलावर, जिथे लोक दर पॉटमध्ये पान बघायला येतात, तिथे सॉल्व्हरचं (बॅलन्सचं गणित मांडून देणारा प्रोग्रॅम) २:१ पाठ करून ब्लफ मारणारा माणूस पैसेच वाटत असतो असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तिथे तुमची रेंज कुणी मोजतच नाहीये.