पद्मदुर्ग

रायगड जिल्ह्यातील मुरुडजवळच्या कासा बेटावरील पडका जलदुर्ग. स्थानिक लोक त्याला कासा किल्ला म्हणतात. मुरुडच्या पुळणीवर सुरूच्या सावलीत उभे राहिले की समोर समुद्रात त्याचा तट दिसतो.

सिद्दीच्या जंजिऱ्याला शह देण्यासाठी छत्रपती शिवाजी महाराजांनी हा किल्ला बांधला. काम चालू असताना रसद पोहोचवण्यात हयगय करणाऱ्या जिवाजी विनायक या सुभेदाराला 1675 मध्ये गेलेल्या पत्रात महाराजांनी पद्मदुर्ग वसवून राजापुरीच्या, म्हणजे सिद्दीच्या जंजिऱ्याच्या, उरावर दुसरी राजापुरी केल्याचे बजावले आहे. किल्ल्यामागचा सगळा हेतू या एका वाक्यात येतो. जंजिऱ्याच्या तटाला रात्री शिड्या लावणारे लाय पाटील इथल्याच मोहिमेतले. पुढे किल्ला सिद्दीच्या ताब्यात गेला.

किल्ल्याचे पडकोट, म्हणजे बाहेरचा कोट, आणि मुख्य कोट असे दोन भाग आहेत. पडकोट बराच ढासळला आहे, मुख्य कोटाची तटबंदी मात्र उभी आहे. बुरुजावरच्या चर्या, म्हणजे माथ्यावरचे दगडी दाते, कमळाच्या पाकळ्यांसारख्या घडवल्या आहेत.

पण इथे खरे पाहावे ते तटाच्या अगदी जवळ जाऊन. लाटांचा मारा खाऊन दगड आतून झिजले, काही ठिकाणी बोटे जातील इतके खोल. त्यांच्या सांध्यांतला चुना मात्र जागच्या जागी आहे. त्यामुळे भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते. खारे पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत मुरते, उन्हाने सुकते, आत मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कपचा-कपचा सुटतो. चुना उलट हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून वर्षागणिक घट्ट होत जातो. साडेतीनशे वर्षांपूर्वी चुना मळणाऱ्या हातांचे कसब आजही इथे बोटांना जाणवते. त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत, याची खंत वाटते.

तटावरून आग्नेयेला जंजिरा दिसतो, पश्चिमेला उघडा अरबी समुद्र. किनाऱ्यामागच्या डोंगरांत फणसाड अभयारण्याचे जंगल असून तिथे शेकरू आढळतो. किल्ल्यावर होडीनेच जावे लागते. भरती-ओहोटीची वेळ कोळ्यांना विचारूनच निघावे. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात जाण्याचा विचारही करू नये. ओहोटीला बेटाभोवतीचे खडक उघडे पडतात आणि तटाचा पाया किती पाण्यात घातला आहे, ते तेव्हाच दिसते.