बटाट्याच्या कंदातील शर्करा : जनुकीय बदल

बटाट्याच्या कंदात पिष्टाची (स्टार्चची) साखर होण्याची क्रिया जनुकांत फेरफार करून रोखणे, किंवा त्या साखरेला वेगळे वळण देणे, यासाठी वापरले जाणारे तंत्र. येथे त्याचा विचार बेळगाव, खानापूर व लगतच्या सीमाभागातील पिकाच्या संदर्भात केला आहे.

‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीज ‘बताता’वरून आला. तो मूळचा कॅरिबियन बेटांवरील असून तेथे त्याचा अर्थ रताळे असा होता. त्यामुळे भारतातील सतराव्या शतकातील उल्लेखांविषयी मतभेद आहेत. इंग्रज धर्मोपदेशक एडवर्ड टेरी यांनी वर्णिलेल्या मोगल सरदार आसफखानाच्या मेजवानीतील (१६१५–१७ च्या सुमारास) कंद बटाटा होता असे काही अभ्यासक मानतात. ते रताळे असावे हे मत अधिक ग्राह्य वाटते. इंग्रज प्रवासी जॉन फ्रायर यांनी १६७० च्या दशकात केलेल्या नोंदीविषयीही हीच शंका राहते. बेळगावच्या पश्चिमेकडील लाल जमिनीत आजही दोन्ही कंद पिकतात, फरक इतकाच की रताळ्यात गोडी हा गुण आणि बटाट्यात दोष.

साठवणीचे तापमान सु. १०° से. खाली, विशेषतः २–४° से. पर्यंत, गेले की कंदातील पिष्टाचे विघटन होऊन सुक्रोज वाढते. कोशिकेच्या रिक्तिकेतील (रस साठवणाऱ्या पोकळीतील) इन्व्हर्टेज हे एंझाइम त्याचे ग्लुकोज व फ्रुक्टोज करते. या क्षपणकारक (रिड्यूसिंग, म्हणजे सहज अभिक्रिया करणाऱ्या) शर्करा तळताना ॲस्परॅजिन या ॲमिनो अम्लाशी संयोग पावतात. त्यामुळे वेफर काळपट व कडवट होतो आणि ॲक्रिलामाइड तयार होते (तळलेल्या व भाजलेल्या पदार्थांतील त्याचे अस्तित्व स्वीडनमध्ये २००२ मध्ये जाहीर झाले). वेफरसाठी क्षपणकारक शर्करा ताज्या वजनाच्या सु. ०·१ टक्क्याहून कमी असावी असा दंडक आहे.

या साखळीतील कळीची पायरी कोणती, याबद्दल एकमत नव्हते. पिष्टाला फॉस्फेट जोडणारे एंझाइम, सुक्रोज घडवणारी एंझाइमे आणि इन्व्हर्टेज असे तीन दावेदार होते. झ्रेनर व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रतिदिश (उलट्या दिशेने बसवलेल्या) जनुकाने इन्व्हर्टेज दाबले, तेव्हा ग्लुकोज व फ्रुक्टोज घटले, सुक्रोज मात्र वाढले. एकूण साखर फारशी बदलली नाही. म्हणजे इन्व्हर्टेज गोडीचे प्रमाण नव्हे, तिचा प्रकार ठरवते. तळण्याच्या दृष्टीने तेवढे पुरते, कारण सुक्रोज क्षपणकारक नाही. १९९९ मध्ये तंबाखूतील इन्व्हर्टेज-निरोधकाचे जनुक बटाट्यात घालण्यात आले. २०१० मध्ये विस्कॉन्सिन येथील भास्कर, जियांग इत्यादींनी आरएनए-हस्तक्षेपाने (जनुकाचा संदेश नष्ट करणाऱ्या तंत्राने) इन्व्हर्टेजचे जनुक जवळजवळ निःशब्द केले आणि ॲक्रिलामाइड सु. पंधरापटीने घटल्याचे दाखवले. त्यानंतर पारडे इन्व्हर्टेजकडे झुकले. पुढे टॅलेन या डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या तंत्राने ‘रेंजर रसेट’ वाणात या जनुकाच्या चारही प्रती निकामी करण्यात आल्या; बटाटा चतुर्गुणित (गुणसूत्रांचे चार संच असलेला) असल्याने हे काम सोपे नाही.

याउलट दिशेचे प्रयोगही झाले. १९९२ मध्ये एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूचे जनुक घालून पिष्ट वाढवण्यात आले. आर्टिचोक या भाजीच्या जनुकांनी कंदात इन्युलिन (फ्रुक्टोजच्या साखळ्यांचे कर्बोदक) तयार करण्यात आले (२०००). दरम्यान पहिल्या मार्गाने, इन्व्हर्टेज दाबून, केलेल्या वाणाला अमेरिकेत २०१५ मध्ये कृषी विभागाने नियमनातून मोकळीक दिली.

भारतात शिमला येथील केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेत ‘कुफ्री चिप्सोना-१’ वर असे प्रयोग झाले आहेत. मात्र जनुकीय सुधारित बटाट्याला व्यापारी लागवडीची परवानगी नाही. परक्या डीएनएविना केलेल्या काही जीन-संपादनांना २०२२ पासून जनुकीय सुधारित जीवांविषयीच्या १९८९ च्या नियमांतील काही तरतुदींतून सूट आहे. टॅलेनसारखा मार्ग त्यामुळे जवळचा ठरतो. संकरणातून निघालेले चिप्सोना वाण या वादाबाहेर आहेत.

सीमाभागातील ‘जवारी’ (गावठी) बटाटा पावसावरचा, खरीप हंगामातील. तो काढणीनंतर लवकरच मार्केट यार्डात येतो, त्यामुळे शीतगृहातील गोडीचा प्रश्न त्याला क्वचितच भेडसावतो. हा प्रश्न मुख्यतः आग्रा, इंदूरकडून येणाऱ्या साठवणीच्या मालाचा आहे. दर साधण्यासाठी अपक्व काढलेल्या कंदातही साखर अधिक असते, पण तिचे कारण थंडी नव्हे. गोड झालेला बटाटा दोन-तीन आठवडे १५–२०° से. तापमानात ठेवल्यास काही साखर पुन्हा पिष्टात जाते, काही श्वसनात खर्च होते. पूर्वस्थिती मात्र सहसा येत नाही.